शंभर मीटर



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४५ ते ५०. शक्य असेल तर ज्ञानेश्वरीतल्या याच जागेच्या ओव्याही काढून ठेवा, आज त्या लागणार आहेत.

गेले सहा दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. श्रीलंकेला गेलो होतो, बायको, आई आणि मी. (बार्शीच्या मावशीने फोनवर विचारलं, "सीतामाईला शोधायला निघालात काय रे?" हा विनोद आम्ही व्हिसा काढल्यापासून अकरा जणांकडून ऐकलाय.) गीता मोबाईलमध्ये होतीच, वाचन चुकलं नाही. पण लिहायला बसलो की एकाच जागी अडकत होतो, आणि ती जागा म्हणजे आजचे हे सहा श्लोक.

आधी प्रसंग बघू. अर्जुनाने स्वतः मागून विश्वरूप पाहिलंय. त्यासाठी त्याला दिव्य चक्षू मिळालेत. आणि आता, ४५ व्या श्लोकात, तो म्हणतो की जे आधी कधीच पाहिलं नव्हतं ते पाहून आनंद झाला, पण मन भीतीने हादरलंय. देवा, आता तुमचं ते नेहमीचं रूप दाखवा. ४६ मध्ये तो रूप वर्णन करून सांगतो: मुकुट, गदा, हातात चक्र, चार हात. ४७ आणि ४८ मध्ये भगवान सांगतात की हे तुला माझ्या कृपेने दिसलं. वेद, यज्ञ, अध्ययन, दान, कर्मकांड, उग्र तप यांनी हे मिळत नाही. ४९ मध्ये घाबरू नकोस म्हणतात आणि ५० मध्ये, संजयाच्या शब्दांत, पुन्हा सौम्य होऊन घाबरलेल्याला धीर देतात.

मी हा भाग आजवर "अर्जुन कच्चा निघाला" असाच वाचत आलो. एवढं मिळालं आणि हा म्हणतो, नको, जुनंच बरं! माऊलींचे भगवंतही आधी अर्जुनाला चांगलंच झापतात. अमृताने भरलेला समुद्र समोर आला, तर बुडेन या भीतीने कुणी तो टाकून जातं का, असं विचारतात. सोन्याचा डोंगर उचलता येत नाही म्हणून तो नाकारावा का, असंही. मला हे झापणं फार आवडायचं. आपल्या पिढीला जवळ जायचं असतं, पूर्ण पाहायचं असतं, पहिल्या रांगेतून. मी तर आईलाही हेच ऐकवत आलो होतो.

तर आता बोटीवर येतो.

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिसा म्हणून गाव आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तिथल्या बंदरातून रोज सकाळी बोटी सुटतात, देवमासे बघायला. त्यातही निळा देवमासा, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी. इथे तो किनाऱ्याच्या इतक्या जवळ दिसतो कारण समुद्राची उथळ पायरी इथे अगदी अरुंद आहे. थोडं बाहेर गेलं की तळ एकदम खोल जातो. आशा डी वोस या श्रीलंकन संशोधिकेमुळे इथल्या देवमाशांकडे जगाचं लक्ष गेलं. निळे देवमासे साधारणपणे खायला थंड समुद्रात जातात आणि विणीसाठी उबदार पाण्यात येतात. इथले मात्र उष्ण पाण्यातच राहतात, इथेच खातात. हे मी जायच्या आधी सगळं वाचलं होतं. माझी सवय माहीत आहे तुम्हाला, हॉटेल बुक करायच्या आधी मी स्प्रेडशीट करतो.

आईला यातलं काही नको होतं. तिला फक्त नाव आवडलं. "देवमासा. देवाचं नाव लागलंय म्हणजे बघायला पाहिजे की."

पहाटे साडेसहाला निघालो. लाइफ जॅकेट, मळमळ होऊ नये म्हणून गोळी, कागदी डब्यात नाश्ता. पदर डोक्यावरून घेऊन, वर नारिंगी जॅकेट घालून आई बाकावर बसली होती आणि तिचा हरिपाठ सुरू होता. बोटीवरच्या गाइडने सुरुवातीलाच नियम सांगितला: देवमाशापासून शंभर मीटर लांब राहायचं, त्याची वाट अडवायची नाही. तो आईला "अम्मा" म्हणत होता. सिंहलीतही आईला अम्माच म्हणतात.

दोन तास काहीच नाही. लांब क्षितिजावर मात्र मोठमोठी मालवाहू जहाजं एकामागे एक जात होती. डोंड्रा भूशिराच्या दक्षिणेचा हा मार्ग जगातल्या सर्वात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे आणि तो देवमाशांच्या खाण्याच्या जागेतूनच जातो. जहाजांची धडक बसून इथे देवमासे मेलेत. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे वाचून बरं वाटलं होतं.

मग कुणीतरी ओरडलं. उजवीकडे, बरंच लांब, पाण्यातून सरळ वर एक पांढरा फवारा. दोन मजली घराहून उंच. त्याखाली निळसर करडी पाठ, सरकतच राहिली, सरकतच राहिली, संपेचना. फवारा म्हणजे त्याचा श्वास. पुन्हा एक. पुन्हा.

आणि मंडळी, इथे मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय आजचं वाचन पुढे जाणार नाही. मी गाइडकडे गेलो आणि म्हणालो, आणखी जवळ घ्या. तो म्हणाला, शंभर मीटर, सर. मी खिशातून नोटा काढल्या. म्हणालो, माझी आई एवढ्या लांबून आलीये, तिला नीट दिसत नाही, तिच्यासाठी घ्या. खोटं होतं ते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं.

गाइडने चालवणाऱ्याकडे पाहिलं. बोट वळली. आम्ही वळलो म्हणून बाकीच्याही वळल्या. चार मिनिटांत सहा बोटींनी त्या जिवाला तीन बाजूंनी घेरलं होतं. डिझेलचा वास, सगळ्यांचे मोबाईल वर. त्याने अर्धा फवारा सोडला आणि शेपूट वर न काढताच तो गडबडीने खाली गेला. पुन्हा वर आलाच नाही. म्हणजे आला असेल, आमच्यापासून लांब कुठेतरी.

बोटीवर "अरेरे" झालं. माझ्या मागून आईचा आवाज आला, शांत होता.

"श्वास घ्यायला आला होता रे बिचारा. घेऊ दिला नाही त्याला."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहू शकलो नाही. का, ते सांगतो.

कार्तिकीला आम्ही पंढरपूरला गेलो होतो. आई दरवर्षी जाते. दर्शनाची रांग तेव्हा गोपाळपूरपर्यंत गेलेली असते, पायांवर डोकं ठेवायचं तर रात्र रांगेत काढावी लागते. आई कधी मुखदर्शन घेते, कधी तेही नाही. चंद्रभागेत स्नान करते, नामदेव पायरीला डोकं टेकते, कळस बघते आणि परत येते. चाळीस वर्षं हेच. यंदा मी एका ओळखीच्या माणसाकडून तिला रांगेत मध्येच सोडायची सोय केली. ती आली, उभी राहिली, पुढच्या-मागच्या लोकांचे पाय बघितले, सुजलेले, काहींचे अनवाणी. आणि बाहेर निघून आली. मी भर रस्त्यात चिडलो. म्हणालो, "तू नेहमी लांबच उभी राहतेस. बाबांच्या वेळीसुद्धा लांबच उभी राहिलीस."

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ते दिवस तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत, वर्णन करत नाही. ऑक्सिजनवर होते. शेवटच्या दिवशी एका वॉर्डबॉयने कणव येऊन दोन मिनिटांसाठी पीपीई किट घालून एकाला आत सोडायची तयारी दाखवली होती. मी कोविड पॉझिटिव्ह होतो, घरी बंद. आई जाऊ शकत होती. ती गेली नाही. काचेच्या दारातून बघून परत आली. तीन वर्षं मी ते मनात धरून बसलो होतो आणि पंढरपुरात, महाद्वाराजवळ, बोलून टाकलं. त्यानंतर आम्ही रोज बोलत होतो, जेवण, औषधं, गॅस सिलिंडर. पण बोललो नव्हतो. ही ट्रिपही, खरं सांगायचं तर, माफी मागायची हिंमत नव्हती म्हणून काढली होती.

आता बोटीवर, त्या रिकाम्या पाण्याकडे बघत, तिचं "श्वास घेऊ दिला नाही" हे वाक्य माझ्या अंगावर आलं.

गाइड मात्र भला माणूस. त्याने माझे पैसे परत माझ्या हातात दिले. मग बोट बाकीच्यांपासून बाजूला नेऊन इंजिन बंद केलं. म्हणाला, आता आपण थांबायचं. त्याला यायचं असेल तर येईल.

वीस-पंचवीस मिनिटं बोट नुसती हलत होती. चार जणांना उलट्या झाल्या, त्यात माझी बायको. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मधेच मला म्हणाली, "तूही बस खाली. उभा राहिलास म्हणून लवकर येणारे का तो?"

आमच्या कामात एक गोष्ट असते. सर्व्हर उत्तर देत नसेल तर नवखा इंजिनिअर काय करतो, पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट मारत राहतो. हजार क्लायंट तसं करायला लागले की सर्व्हर, जो कदाचित सावरलाही असता, पुरता झोपतो. म्हणून आपण ज्युनिअरना शिकवतो की प्रत्येक वेळी थांबायचा काळ वाढवत न्या. मी हे शिकवतो. पगार घेतो त्याचा. आणि सकाळी मी त्या नवख्या क्लायंटसारखाच वागलो होतो.

रात्री हॉटेलवर आणखी एक गोष्ट वाचली ती इथेच सांगतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा एका मुक्त निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं प्रसिद्ध केलं. मॉन्टेरे उपसागरात त्याच्या अंगाला चिकटणारं यंत्र लावलं होतं. खोल बुडी मारल्यावर ठोके कमी होत होत मिनिटाला दोनपर्यंत आले. मिनिटाला दोन! आणि वर आल्यावर पंचवीस ते सदतीस. म्हणजे पृष्ठभागावर तो विश्रांती घेत नसतो. खाली संपलेला प्राणवायू भरून काढायला ते प्रचंड हृदय तेव्हा जवळजवळ पूर्ण ताकदीने धावत असतं. आपल्याला जो "दर्शनाचा वेळ" वाटतो तो त्याचा धाप भरून घ्यायचा वेळ आहे.

तर, तो आला. तोच की दुसरा, माहीत नाही. चांगला दोनशे मीटरवर. फवारा आधी दिसला आणि आवाज नंतर आला, मोठा, पोकळ, जसा कुणी खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा. सात-आठ वेळा. घाई नाही. मग पाठ कमानीसारखी वाकली आणि शेपटी वर आली, पाणी गाळत, क्षणभर उभी राहिली, आणि गेली.

कुणी ओरडलं नाही यावेळी. गाइडने बोट सावकाश त्या जागेकडे नेली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. समुद्रावर सगळीकडे लाटा आणि मधे एक मोठं गोल, गुळगुळीत, तेल सांडल्यासारखं शांत पाणी. देवमासा शेपटी मारतो तेव्हा खालून वर येणाऱ्या पाण्याने हा ठसा उमटतो आणि काही वेळ टिकतो. गाइड म्हणाला, आम्ही याला पाऊल म्हणतो, त्याचा पायाचा ठसा. मी आईला मराठीत सांगितलं. तिने कठड्यावरून वाकून दोन्ही हात जोडले आणि मग हात आपल्या डोक्याला लावले, पायरीवर लावते तसे.

दुपारी आम्ही देविनुवराला गेलो. ज्याला इंग्रजांनी डोंड्रा केलं तेच हे गाव, मिरिसापासून जवळच. नावाचा अर्थ देवाचं नगर. इथलं प्राचीन भव्य देऊळ पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये उद्ध्वस्त केलं, पण विष्णूचं देवालय आजही आहे आणि तिथे सिंहली बौद्ध माणसं फुलांची, फळांची ताटं घेऊन येतात. विष्णूला ते बेटाचा रक्षक मानतात. गाभाऱ्यावर पडदा होता. पुजारी आमचं ताट घेऊन आत गेला, आम्ही बाहेर. मूर्ती दिसलीच नाही. मी सवयीने आईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघून हसत होती.

बाहेर झाडाखाली बसलो तेव्हा बोललो. मी म्हणालो, "कार्तिकीला जे बोललो ते चुकलं माझं."

ती बराच वेळ काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "आत गेले असते तर त्यांनी मास्क काढला असता. माझ्याशी बोलायला. ऐकणारे होते का ते? दारातनं मला बघितल्याबरोबर हात मास्ककडे न्यायला लागले होते. मग मी वळलेच."

मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

आता परत ओव्यांकडे या, कारण मी अर्धंच सांगितलंय. माऊलींचे भगवंत अर्जुनाला झापतात, पण नंतर त्याला एक रीत सांगतात. विश्वरूपावरची निष्ठा सोडू नकोस आणि सख्य या सगुण रूपाशी ठेव. आणि त्यासाठी दाखले कुठले देतात बघा. पक्षीण पंख न फुटलेल्या पिलांपाशी जीव ठेवून आकाशात जाते. गाय डोंगरावर चरते, चित्त घरी वासराशी बांधलेलं. दोन्हीकडे अंतर आहे. दोन्ही आया आहेत. मी ही ओवी किमान दहा वेळा वाचली असेल आणि दर वेळी "छान उपमा" म्हणून पुढे गेलोय.

आणि ४८ व्या श्लोकातली यादी पुन्हा वाचा: वेद, यज्ञ, दान, क्रिया, तप. यांपैकी काहीही देऊन ते रूप विकत मिळत नाही. आपल्या काळात त्यात ओळखीचा माणूस आणि गाइडला दिलेल्या नोटा घालाव्या लागतील, एवढंच. अर्जुनाला जे दिसलं ते दिलं गेलं म्हणून दिसलं. आणि त्याला पेलेना म्हटल्यावर देवाने स्वतःला आवरून घेतलं. मी अर्जुनाला कच्चा म्हणायचो. पण मित्राला भीती वाटते म्हणून आपलं रूप लहान करणारा इथे कोण आहे, तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. काचेच्या दारातून मागे फिरणं हे त्याच जातीचं काहीतरी असावं, असं मला आता वाटतं. चूक असेन तर सांगा.

एक गोष्ट मात्र जपून बोलली पाहिजे. "लांबून दर्शन तेवढंच श्रेष्ठ" हे वाक्य आपल्याकडे फार सोयीने वापरलं गेलंय. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहिले ते त्यांना हौस होती म्हणून नाही, आत जाऊच दिलं नाही म्हणून. १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. दुसऱ्याला लांब ठेवणं आणि दुसऱ्यासाठी आपण लांब राहणं, यांची गल्लत करू नका. पहिल्याला गीतेचा आधार शोधायला जाल तर मी तुमच्याबरोबर नाही.

आजच्यासाठी एवढंच करा: ४५ ते ५० हे श्लोक दोनदा वाचा. एकदा अर्जुनाच्या बाजूने, एकदा भगवंतांच्या. मग जमलं तर ज्याच्याशी "रोज बोलतो पण बोललो नाही" असं कुणी असेल, त्याला एक प्रश्न विचारा. उत्तर माहीत आहे असं वाटत असलं तरी.

फोटो टाकायचा होता, पण टाकण्यासारखा नाही. शेपटीचा एकच निघाला, तोही बायकोने उलटीच्या मधल्या वेळात काढलेला. काल मावशी आली होती तेव्हा आईने तो मोठ्या कौतुकाने दाखवला. मावशीने चष्मा वर-खाली केला, फोन तिरका धरला, शेवटी म्हणाली, "अगं, यात नुसतं पाणीच आहे. मासा कुठंय?"

"तो काय," आई म्हणाली, स्क्रीनवरच्या मुंगीएवढ्या ठिपक्यावर बोट ठेवून. "लांब आहे जरा."

उद्या ५१ ते ५५, अध्याय संपवू.

राम कृष्ण हरी.